रिकाम्या पोटाचं औषध

सत्यभामाच्या घरून कोणी उपाशी गेल्याचा दाखला छत्तीसगडातल्या त्या गुढियारी मोहल्ल्यात सापडला नसता. मीटर वाचायला येणारा माणूस तिच्या गल्लीत मुद्दाम जेवणाच्या वेळेला येई. एकदा घरात चोर शिरला, तोही जाताना भाताचं पातेलं पुसून गेला. सत्यभामाला पातेल्याचं काहीच वाटलं नाही. वरण वरच्या फळीवर होतं ते त्याला दिसलं नाही, बिचाऱ्यानं कोरडाच भात खाल्ला, याची हळहळ मात्र तिला दोन दिवस लागून राहिली.

पहाटे चारला तिचा दिवस सुरू होई. सहा माणसांचे डबे करायचे असत: भात, वरण, भाजी आणि अंगाकर. अंगाकर म्हणजे तांदळाच्या पिठाची जाड रोटी, पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेली. सत्यभामाचं माहेर वर्ध्याकडचं, हात ज्वारीच्या भाकरीवर बसलेला. पण तीस वर्षांत त्या हातानं बदली मान्य केली होती. डबे तिच्या नवऱ्याच्या, देवीदासच्या, मोपेडला लटकून भनपुरीला जात. तिथं ट्रक दुरुस्तीच्या दुकानांच्या रांगेत तो कमानीचा मिस्त्री होता. ट्रकची कमानी म्हणजे एकावर एक रचलेले दहा-अकरा पोलादी पट्टे. तुटका पट्टा काढायचा, नवा भट्टीत लाल करायचा, घनानं वाक द्यायचा आणि तेलात विझवायचा. देवीदासनं वाक दिलेला पट्टा पुन्हा ठोकावा लागत नाही, असं ड्रायव्हर लोक म्हणत. तो स्वतः काहीच म्हणत नसे. बोलायचं खातं त्यानं लग्नातच बायकोच्या नावावर करून दिलं होतं.

त्या दुकानात एकच कायदा होता. भट्टीसमोर उपाशी उभं राहायचं नाही. उस्तादानं देवीदासला शिकवलं ते हेच पहिलं, घन धरणं नंतर. आता देवीदास रोज सकाळी घन मारणाऱ्या मनहरणला विचारी, "खाके आए हस?" मनहरण हव म्हणाला तरच भट्टीचा पंखा सुरू होई. नाही म्हणाला तर सहातला एक डबा तिथंच उघडे. आग रिकाम्या पोटात शिरते, असं या कायद्याचं कलम होतं, आणि त्यावर अपील नव्हतं.

चार वर्षांपूर्वी देवीदासच्या डाव्या बरगडीखाली दगडासारखं काही लागायला लागलं. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी लाखांनी निघाल्या. मोठ्या दवाखान्यातल्या मीरा मॅडमनी रक्ताचा कॅन्सर सांगितला आणि लगेच हेही सांगितलं, की याला गोळी आहे. केस जाणार नाहीत, सलाईन नाही, घरी राहून रोज खायची. जुनी औषधं सगळ्यांनाच झोडपतात, ही गोळी फक्त बिघडलेल्या पेशीला ओळखते आणि तिचं बटण बंद करते. देवीदासनं मान हलवली. बाहेर आल्यावर तो बायकोला म्हणाला, "एक पट्टा तुटला तं पुरी कमानी भंगारात नाई देत. तोच तेवढा पकडते." चार वर्षांत त्या आजारावर तो एवढंच बोलला.

ती पहिली गोळी सत्यभामाच्या स्वभावाची होती. पोटभर जेवणासोबत आणि मोठ्या पेल्याभर पाण्यासोबत घ्या, असं मॅडमनीच सांगितलं होतं. सत्यभामाला त्या दिवशी विज्ञानाबद्दल फार आदर वाटला. तसं तिचं घर विज्ञानाचंच. पुढच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेब, दाराला लिंबू-मिरची नाही. शेजारची लता एकदा बैगा मांत्रिकाकडून मंतरलेली मुळी घेऊन आली, तर सत्यभामानं तिला बसवून दोन अंगाकर खाऊ घातले आणि मुळी तिच्याच पदराला परत बांधून दिली. "आमच्यात हे चालत नाई, दीदी. आमच्यात डॉक्टर सांगन ते."

आणि चार वर्षं डॉक्टर सांगेल ते चाललंही. देवीदासच्या पापण्या सुजत, पिंढऱ्यांत वांब येत, पण तो भट्टीवर जात होता. मग यंदा वैशाखात रक्ताचा आकडा पुन्हा चढला. आजार शहाणा झाला, पहिल्या गोळीला ओळखायला लागला, असं मॅडम म्हणाल्या. आता दुसरं औषध. दोन कॅप्सूल सकाळी, दोन संध्याकाळी. हे जास्त जोरदार आहे. आणि हे उपाशी पोटीच घ्यायचं. आधीचे दोन तास काही खायचं नाही, नंतरचा एक तास काही खायचं नाही. अन्नासोबत घेतलं तर ते रक्तात भलतंच जास्त उतरतं आणि हृदयाच्या ठोक्याला धक्का लावतं. मॅडमनी हे सत्यभामाकडे पाहून तीनदा सांगितलं, कारण देवीदासकडे पाहून सांगण्यात अर्थ नाही हे चार वर्षांत त्यांना कळलं होतं. आधी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, सात दिवसांनी पुन्हा काढायला बोलावलं.

मुलगी रुचिता शंकर नगरला एका ऑफिसात कामाला होती. तिनं खोक्यातला कागद उलगडला. तो उलगडतच गेला आणि शेवटी चादरीएवढा झाला. रुचिता त्यातून वाचत होती: अंगावर पुरळ, पित्त, साखर वाढणं, चक्कर, ठोका चुकणं. सत्यभामा कणीक मळता मळता ऐकत होती.

"एवढं सारं होते तं त्याले औषध काहून म्हंतात?"

"मम्मी, सबको नहीं होता. बस टाइम का ध्यान रखना," असं म्हणून रुचितानं भिंतीवर तक्ता चिकटवला. चारच्या आधी खाणं बंद, सहाला कॅप्सूल, सातला नाश्ता. संध्याकाळचंही तसंच. फोनवर घंटा लावून दिली. मुलगी मराठी समजे सगळी, पण उत्तर हिंदीत देई. आणि तक्ता इंग्रजीत करी. सत्यभामाला तो वाचता येत नव्हता, तरी ती रोज त्याच्यावरची धूळ पुसत असे.

दोन दिवस तक्त्याप्रमाणे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला देवीदास मोरीत ओकला. पोटात काही नव्हतंच, नुसतं पिवळं पाणी. तो भिंतीला हात टेकून उभा राहिला, पाठीच्या कण्याचे मणी बनियनमधून एक एक मोजता येत होते. मग तोंड धुतलं, मोपेडला डबे अडकवले आणि भट्टीवर निघून गेला.

सत्यभामा त्या मोरीत बादली ओतत राहिली. तिच्या डोक्यात काही फार गुंतागुंतीचं चाललं नव्हतं. औषध गरम. माणूस आगीपुढचा. पोट रिकामं. यात कोणालाही विचारायचं काय होतं? बैगा, मुळी, ताईत ही अंधश्रद्धा. पोटात दोन घास ही अंधश्रद्धा नव्हे. ही तिला माहीत असलेली एकुलती एक खरी गोष्ट होती. आणि चार वर्षं याच मॅडम जेवणासोबत द्या म्हणत नव्हत्या का?

चौथ्या दिवसापासून पहाटे साडेपाचला, रुचिता झोपेत असताना, देवीदासच्या पुढ्यात ताट आलं. गरम अंगाकर, त्यावर वितळलेलं तूप, पेलाभर दूध. सहाला घंटा वाजली की कॅप्सूल. सातला, तक्त्याचा मान म्हणून, चहा. देवीदासनं ताटाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग तो जेवला. संध्याकाळीही तसंच होऊ लागलं. त्याचं ओकणं थांबलं. सत्यभामा मनातल्या मनात दवाखान्याला दोन गोष्टी शिकवून आली.

सातव्या दिवशी छातीची पट्टी काढली. मीरा मॅडम तिच्यावर मोजपट्टी ठेवून बारीक मोजत राहिल्या. दोन ठोक्यांच्या मधली विसाव्याची जागा थोडी लांबलीय, म्हणाल्या. औषध उपाशी पोटीच देता ना? खोलीत दोन पेशंट बसलेले, दाराशी पाच उभे, सगळ्यांचे कान रिकामे. मागच्याच बाईला पथ्य मोडल्याबद्दल मॅडमनी सर्वांदेखत झापलं होतं, ती अजून कोपऱ्यात पदर तोंडाला लावून उभी होती.

"हव, उपाशीच," सत्यभामा म्हणाली.

देवीदास आपल्या चपलेकडे पाहत होता. मॅडमनी पुढच्या आठवड्यात पुन्हा पट्टी काढायला सांगितली, चक्कर आली तर लगेच यायला सांगितलं, आणि उन्हात काम नको म्हणाल्या. हे शेवटचं देवीदासला कुठल्या भाषेत सांगितलं असतं तरी कळलं नसतं.

नवतपा लागला. जेठातले हे नऊ दिवस छत्तीसगडात सूर्य फक्त कामावर लक्ष ठेवतो. भनपुरीच्या रस्त्याचं डांबर मऊ झालं, ट्रकांच्या ताडपत्र्यांना हात लावला की पोळे. देवीदासच्या अंगातून पाणी जाई आणि बनियनवर मिठाची रेघ राही. संध्याकाळी तो बसल्या बसल्या छातीवर हात ठेवी. काय होते विचारलं तर म्हणे, काही नाही, आत मासोळी उडते. सत्यभामानं यावर इलाज केला. तूप वाढवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला मोपेड उचलवेना. म्हणून तो मनहरणच्या गाडीवर बसून गेला, आणि डबे घेऊन सत्यभामा मागाहून ई-रिक्षानं गेली. ती पोचली तेव्हा नऊ वाजले होते. पट्टा भट्टीतून नुकताच निघाला होता, नारिंगी, डोळ्यांना झोंबणारा. देवीदासनं सांडशीत तो धरून ऐरणीवर ठेवला, मनहरणनं घन उचलला. तो खाली यायच्या आत देवीदासची सांडशी सैल झाली. तो पडला असं सत्यभामाला वाटलंच नाही. तो बसतोय असं वाटलं, जसा जेवायला बसे तसा, आधी गुडघे, मग एक हात. मग मात्र डोकं मागं गेलं. पट्टा घरंगळून त्याच्या चपलेला लागला आणि रबराचा धूर निघाला. मनहरणनं घन टाकून त्याला काखेत धरून मागं ओढलं.

अर्ध्या मिनिटात तो शुद्धीवर आला. डोळे उघडून त्यानं पहिलं काय पाहिलं असेल तर पट्टा. तो काळा पडत चालला होता.

"वाया गेला," तो म्हणाला.

सत्यभामा त्याच्या पायाजवळ बसली. अंगठ्याची बाजू भाजली होती. मनहरण पुन्हापुन्हा सांगत होता, की भाभी, उपाशी नव्हता भैया, मी विचारलं होतं, खाऊन आलोय म्हणाला. सत्यभामानं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याला आपलं काय चुकलं ते कळेना.

दवाखान्यात पुन्हा पट्टी काढली. रुचिता ऑफिसातून धावत आली होती, ओढणीनं बापाचा घाम पुसत होती. मीरा मॅडम आल्या. या वेळी त्यांना मोजायला वेळ लागला नाही. त्यांनी हिंदीत, सावकाश सांगितलं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय क्षणभर थांबून पुढच्या ठोक्याची तयारी करतं. या औषधानं ती थांबायची वेळ फार ताणली गेलीय. घामानं अंगातले क्षारही गेलेत, त्यानं आणखी. अजून ताणली तर हृदय धडकायचं सोडून नुसतं थरथरत राहील, आणि तेव्हा भट्टीपाशी बसलेला माणूस उठणार नाही. आज नशीब. औषध आत्ताच बंद.

"फिर शुरू कब करेंगे?" रुचितानं विचारलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. उपाशी पोटी, बरोबर मात्रेत घेऊन दोन आठवड्यांत हे झालं, म्हणजे या माणसाच्या हृदयाला हे औषध चालत नाही. पुन्हा देता येणार नाही. पहिलं आधीच कामातून गेलंय. तिसरं आहे, पण ते इथं मिळत नाही. फाइल पाठवावी लागेल, मंजुरीला दीड-दोन महिने. तोवर आजार मोकळा. त्यांनी कागद ओढला आणि जरा थांबून, सवयीनंच, विचारलं: खाण्याच्या वेळा पाळल्या होत्या ना नक्की?

"एकदम, मॅम," रुचिता म्हणाली. तिनं फोन पुढे केला. रोज सहाची घंटा, सातची घंटा, तिनं स्वतः भरलेल्या खुणा. "मम्मी ने एक दिन भी मिस नहीं किया. मेरी गारंटी है."

सत्यभामा भिंतीला टेकून उभी होती. पडद्यापलीकडे तीन खाटा, प्रत्येक खाटेला दोन-दोन नातेवाईक. तिनं देवीदासकडे पाहिलं. तो छताच्या पंख्याकडे पाहत होता. पंखा बंद होता. मॅडमचं पेन कागदाला लागलं.

"मी जेवू घालत होती," ती म्हणाली.

मॅडमना ऐकू आलं नसावं. रुचिताला आलं. "क्या?"

"मी जेवू घालत होती त्याइले. साडेपाचले. गोळीच्या आंधी." आणि मग ती हिंदीत वळली, कारण हे मॅडमना नीट कळायला हवं होतं आणि दुसऱ्यांदा सांगायचं बळ तिच्यात नव्हतं. तिनं सांगितलं, की दोन्ही वेळा. चौथ्या दिवसापासून. मागच्या वेळी खोटं सांगितलं.

पलीकडच्या खाटांवरचं बोलणं थांबलं. मॅडमनी विचारलं, काय काय दिलं. सत्यभामा सांगत गेली आणि त्या लिहीत गेल्या: अंगाकर दोन, तूप. किती तूप? तिनं हाताची वाटी करून दाखवली. दूध. या तीन दिवसांत तूप जास्त. आपल्या हातचं जेवण असं एक एक करून लिहून घेतलेलं तिनं प्रथमच पाहिलं. रुचितानं फोन ओढणीत लपवला, जणू तो कोणी पाहिला तर तिलाच लाज. मग ती पडदा सारून बाहेर निघून गेली.

मॅडम रागावल्या, नाही असं नाही. पहिली पाच मिनिटं त्या खूप रागावल्या. तुपासोबत हे औषध जवळजवळ दुप्पट चढतं, ही सगळ्यात पहिली गोष्ट सांगितली होती, तुम्ही मारलं असतं याला, असं त्या पलीकडच्या तिन्ही खाटांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. सत्यभामा हव, हव म्हणत राहिली. मग त्यांनी आधीचा कागद फाडला. नवा घेतला. चार दिवस ठेवून घेऊ, म्हणाल्या. औषध बंद, क्षार भरून काढू, रोज पट्टी. रेघ जागेवर आली तर कमी मात्रेत पुन्हा देऊन पाहू. आली तर.

चार दिवस सत्यभामा खाटेजवळच्या फरशीवर बसून होती. गुढियारीत डबे बंद होते. आयुष्यात पहिल्यांदा सहा माणसं तिच्यामुळे उपाशी असावीत, किंवा दुसऱ्याच्या हातचं खात असावीत, जे तिच्या मते तेच. रुचिता ऑफिस सुटल्यावर येई, बापाशी बोले, आईसमोर पाण्याची बाटली ठेवी आणि जाई. भाजलेल्या अंगठ्याला रोज मलम लागे.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळा वॉर्ड झोपेत असताना, सत्यभामानं विचारलं, "तुमाले मालूम होतं ना? उपाशी पोटी घ्यायची म्हून?"

"मालूम होतं."

"मंग खाल्लं काहून जी?"

"तू देऊन राहिली होती."

"अन् मॅडमपाशी? मी बोलली नसती तं?"

"तं मी बी नसतो बोललो." तो कुशीवर वळला. "एवढ्या लोकाइत तुले खोटी पाडू का?"

सत्यभामा त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. या माणसानं तिची अब्रू राखायला जीव द्यायची तयारी ठेवली होती, आणि तिला त्याला एक थोबाडीत द्यावीशी वाटत होती. वॉर्डात ते बरं दिसलं नसतं. तिनं त्याची चादर खसकन ओढून सारखी केली.

"म्हशीपेक्षा येडा माणूस हाये," ती पाठीला म्हणाली.

चौथ्या दिवशी रेघ आली. पुरती नाही, पण मीरा मॅडमच्या मापात बसेल इतकी. आठवड्याला पट्टी, भट्टी बंद, आणि सकाळ-संध्याकाळ एक-एकच कॅप्सूल. कमी मात्रेत आजार दबतो की नाही हे रक्त सांगेल, महिन्यानं. त्या रुचिताशी बोलत होत्या. मग सत्यभामाकडे वळल्या आणि विचारलं, की आता कोण देणार औषध?

रुचितानं तोंड उघडलं होतं. "मी," सत्यभामा म्हणाली. रुचितानं आईकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी घरी, पहाटे, चूल पेटली नाही. सहाला रुचिता स्वतः उठून आली, दाराच्या चौकटीत उभी राहिली. सत्यभामानं पाण्याचा पेला दिला, कॅप्सूल दिली. देवीदासनं गिळली. रुचिता आत गेली. जाताना म्हणाली, "चाय भी नहीं, मम्मी." हे चार दिवसांतलं तिचं आईशी पहिलं वाक्य.

देवीदास खाटेवर बसला होता, सत्यभामा समोर पाटावर. पत्रा तापायला लागला होता. सव्वासहाला त्यानं चहा मागितला. ती नाही म्हणाली. साडेसहाला तो म्हणाला, की अर्धाच कप. ती नाही म्हणाली. मग त्यानं मान खाली घातली, आणि त्या शांततेत त्याच्या पोटात गुरगुरलं. आधी हलकंच, मग लांबवर, जसा मालगाडीचा डबा यार्डात हलतो. त्यानं ओशाळून पोटावर हात दाबला. पुन्हा गुरगुरलं.

सत्यभामाचे हात आपोआप पाटावरून उचलले गेले. तिनं ते मांडीखाली दाबून धरले, त्यावर आपलं सगळं वजन टाकलं, आणि सात वाजेपर्यंत ते पोट ऐकत बसून राहिली.